सांधेदुखी : जुनें निदान व नवा व्यायाम



जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या पश्चिम भागांत, सह्याद्रीच्या माथ्यालगत, आषाढांत भाताची आवणी चालते. दिवसभर चिखलांत वांकून काम करणाऱ्या पुष्कळ बायकांचे गुडघे उतारवयांत कुरकुरूं लागतात. मग 'वात भरला' म्हणून निरगुडीच्या पाल्याचा शेक होतो, तेल होतें, क्वचित् बिब्बाही होतो, आणि अखेर मुलगा मायेनें सांगतो, "आई, आतां बसून राहा." मला हा उपदेशच सर्वांत घातक वाटतो.

'वात' हा एकच शब्द आपण साऱ्या सांधेदुखीस लावतों. जुने वैद्य तसे लावीत नसत. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत आमवातास स्वतंत्र प्रकरण दिलें. सुजलेले सांधे, ज्वर, अन्नावर वासना नसणें, विंचू डसल्यासारखी वेदना, हीं लक्षणें त्यानें नोंदविलीं. अकराव्या शतकांत चक्रपाणिदत्तानें त्यावर लंघन व तापलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगितला. दाहक संधिवाताचें आजचें इंग्रजी नांव गॅरड या इंग्रज डॉक्टरानें दिलें, तें १८५९ सालीं.

आज कळतें तें असें. दाहक प्रकारांत शरीराची रक्षक शक्ति सांध्याच्या अस्तरावरच उलटते. सकाळीं तासाहून अधिक वेळ बोटें आंखडलेलीं राहत असतील, तर डॉक्टरकडे जाण्यास विलंब करूं नये. औषधास उशीर झाला म्हणजे सांधे कायमचे वांकडे होतात. आपल्या गांवांत अधिक आढळते ती मात्र झिजेची सांधेदुखी. तींत हाडांच्या टोकांवरील कूर्चा विरते. या कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला जाऊन सुटला म्हणजे आंतील द्रवांतून तिचें पोषण होतें. बसून राहणाऱ्याची कूर्चा उपाशी राहते, शिवाय मांडीचा स्नायु रोडावतो आणि त्यानें पेलावयाचा भारही गुडघ्यावर येतो.

हें शास्त्र शिकविण्याची सोय आपल्याकडे उशिरा झाली. जन्मानें अमेरिकन व विवाहानें महाराष्ट्रीय अशा कमला निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराचें देशांतील पहिलें विद्यालय काढलें. पुढें थोड्याच वर्षांत तेथें भौतिकोपचाराचें, म्हणजे व्यायाम व शेक यांच्या शास्त्रशुद्ध उपचाराचें, शिक्षणही सुरू झालें.

त्यांतील एक व्यायाम येथें सांगतों. पाय लांब करून बसावें, गुडघ्याखालीं पंच्याची गुंडाळी ठेवावी, ती गुडघ्यानें खालीं दाबून पांच अंक मोजावे व सोडावें. असें दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ. यास पैसा पडत नाहीं, म्हणूनच कीं काय, कोणी तें मनावर घेत नाहीं! सांधा लाल होऊन सुजला असेल त्या दिवशीं मात्र त्यास विसांवा द्यावा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातांत धरावी. पुष्कळ लोक नेमकी दुखऱ्या बाजूस धरतात. लेण्याद्रीच्या सुमारें तीनशे पायऱ्या चढावयाच्या असतील, तर चढतांना चांगला पाय आधीं टाकावा, उतरतांना दुखरा. चढणीपेक्षां उतरणच गुडघ्यास जड जाते. तेथें कठड्यास धरून सावकाश उतरावें.