फेब्रुवारीत वाहणारे पावसाचे पाणी : मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची कथा

१/ फेब्रुवारीत मुंबईत पाऊस पडत नाही. तरीही किनाऱ्यावर पर्जन्यवाहिन्यांची मुखे पाहिली, तर त्यांतील अनेकांतून काळसर पाणी समुद्रात पडत असते. पावसाचे नसलेले हे पाणी आले कुठून? उत्तरासाठी अडीचशे वर्षे मागे जावे लागते. #थ्रेड

२/ मुंबई मुळात सात बेटांची. महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी थेट आत शिरत असे. पायधुणी, उमरखाडी ही नावे त्या ओल्या भूगोलाची खूण आजही जपून आहेत.

३/ गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत हे खिंडार बांध घालून बुजवण्यात आले. १७८४ च्या सुमारास काम पूर्ण झाले. समुद्र बाहेर राहिला, आतली खार जमीन वस्तीला मोकळी झाली. पण तिची पातळी भरतीच्या पातळीहून खालीच होती. आता समुद्राला आत येण्याची वाट नव्हती, आणि भरतीच्या वेळी शहरातल्या पाण्याला बाहेर जाण्याचीही नव्हती.

४/ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराची सारी भिस्त एका मोठ्या नाल्यावर होती. ‘मेन ड्रेन’ नावाने ओळखला जाणारा हा नाला वरळीच्या दिशेने समुद्राकडे जाई. मैला उचलण्याचे काम हलालखोर समाजाच्या माथी मारलेले होते. सांडपाणी मात्र गटारांतून वाट फुटेल तिकडे वाहत असे.

५/ १८५४ मध्ये शहरात पाण्याचे तीव्र दुर्भिक्ष पडले. हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये नळाचे पाणी शहरात पोहोचले. मात्र येणाऱ्या पाण्याची तजवीज झाली त्या वेगाने जाणाऱ्या पाण्याची झाली नाही. वापरलेल्या पाण्याचे प्रमाण वाढले, गटारे तीच राहिली. आधी पुरवठा, मग निचरा, हा क्रम मुंबईच्या हाडीमाशी खिळला तो असा.

६/ त्याच सुमारास, १८५८ च्या उन्हाळ्यात, टेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडन हैराण झाले होते. त्यानंतर जोसेफ बॅझलगेट यांनी तेथे पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकत्र वाहून नेणारी व्यवस्था उभारली. मुंबईत मात्र कालांतराने मलवाहिन्या आणि पर्जन्यवाहिन्या वेगळ्या ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

७/ ही पद्धत येथील हवामानाला साजेशी होती. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो. तो सामावणारी प्रचंड वाहिनी उरलेले आठ महिने जवळजवळ रिकामी राहील, आणि तिच्यातले थोडेसे मैलापाणी संथ वाहत गाळ साचवील. म्हणून दोन वाहिन्या. पावसाचे पाणी स्वच्छ, त्यावर प्रक्रिया कशाला? ते थेट समुद्रात सोडावे, असा हा हिशेब.

८/ हा हिशेब एका गृहीतकावर उभा होता : पर्जन्यवाहिनीत पावसाखेरीज दुसरे काही जाणार नाही. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली. वस्ती वाढली, ओढ्यांचे नाले झाले, मलवाहिन्या मात्र मागे राहिल्या. २०११ च्या जनगणनेत शहरातील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत असल्याची नोंद आहे. जिथे मलवाहिनीच पोहोचली नाही, तिथे जवळचा नाला हाच एकमेव मार्ग उरतो. त्यात कारखान्यांचे तेल आणि रसायनेही मिसळली.

९/ मिठी नदी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. विहार आणि पवई तलाव भरून वाहू लागले की त्या सांडव्याचे पाणी मिठीला मिळते. ज्या विहारने १८६० मध्ये शहराची तहान भागवली, त्याच्याच पायथ्याशी उगम पावणारी नदी सुमारे १८ किलोमीटर अंतरात साकीनाका, कुर्ला, धारावी ओलांडते आणि माहीमच्या खाडीत पोहोचते ती गटार होऊन.

१०/ २६ जुलै २००५. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. शहरातील जुन्या वाहिन्या तासाला जेमतेम २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तोही ओहोटी असेल तर. हॉर्नबीच्या काळापासूनचा भरतीचा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या साऱ्याची चिकित्सा केली.

११/ १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाला मग नव्याने गती मिळाली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी उदंचन केंद्रे उभी राहिली. ती आवश्यकच होती. परंतु त्यांच्यापुढचा प्रश्न होता ‘पाणी किती लवकर बाहेर जाईल?’ हा. ‘त्या पाण्यात काय आहे?’ हा प्रश्न मागेच राहिला. जाळ्यांत मोठा कचरा अडकतो. विरघळलेली घाण पंपातून सरळ समुद्रात जाते.

१२/ त्याची किंमत कोण मोजतो? या बांधांहून कितीतरी जुने असलेले कोळीवाडे. खाडीच्या मुखाशी टाकलेल्या जाळ्यात मासळीआधी प्लॅस्टिक येते. आणि पावसाळी उधाणात समुद्र तोच कचरा दादर, जुहू, वर्सोव्याच्या वाळूवर परत आणून टाकतो.

१३/ उपाय अज्ञात नाहीत. कोरड्या दिवसांत नाल्यांतून वाहणारे पाणी मुखाआधीच अडवून मलवाहिनीकडे वळवणे, नाल्यांवर तरंगते कचरारोधक बसवणे आणि, सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक वस्तीपर्यंत मलवाहिनी नेणे. पहिले दोन उपाय शेवटच्या टोकाचे आहेत. तिसरा १८६० पासूनचे देणे फेडणारा आहे.

१४/ किनाऱ्यावरील स्वच्छता मोहिमा मोलाच्या आहेत, पण समुद्रातील घाणीचा उगम किनाऱ्यावर नसतो. तो गल्लीतल्या जाळीखाली असतो. मुंबईची पर्जन्यवाहिनी खरोखर पर्जन्यवाहिनी झाली का, हे तपासण्याची कसोटी सोपी आहे. पावसाळ्यात नव्हे, फेब्रुवारीत तिच्या मुखाशी जाऊन पाहावे. ती कोरडी दिसेल, त्या दिवशी हा इतिहास पूर्ण होईल.