चामड्याची कड नीट, तर वस्तू नीट

प्रतिनिधी

हाताने बनविलेले पाकीट किंवा कमरेचा पट्टा विकत घेताना ग्राहक आधी रंग पाहतो, मग चामड्याचा वास घेतो. जाणकार मात्र वस्तू आडवी धरून तिची कड पाहतो. चामड्याचा दर्शनी भाग टॅनरीतून तयार होऊन येतो, टाके यंत्रानेही घालता येतात. कड मात्र ज्याने वस्तू बनविली त्यालाच घडवावी लागते. त्यामुळे कारागिराचा हात किती सफाईदार आहे, हे सर्वांत आधी तिथे कळते.

कडेचा प्रश्न केवळ दिसण्यापुरता नाही. कापलेल्या चामड्याचे तंतू कडेला मोकळे झालेले असतात. ते तसेच सोडले तर घाम, पाणी व मळ तिथून आत शिरतो, चिकटविलेले थर सुटू लागतात आणि टाके शाबूत असूनही वस्तू जुनाट दिसते. हिशेबाच्या दृष्टीनेही यात नुकसान आहे. उत्तम चामडे वापरून व हाताने टाके घालून बनविलेल्या पाकिटाची कड खरबरीत राहिली, की ग्राहक त्याला 'घरगुती काम' समजून घासाघीस करतो. दोन दिवसांच्या मेहनतीची किंमत अर्ध्या तासाच्या कंटाळ्यामुळे घटते. हस्तव्यवसाय म्हणून चर्मकाम शिकणाऱ्यांची संख्या शहरांतून वाढत असताना या कामाची पद्धत समजून घेणे उपयुक्त ठरेल.

आधी चामडे ओळखा

कडेचे काम बिघडण्याचे मुख्य कारण हाताचा दोष हे नसते. चामड्याला न मानवणारी पद्धत वापरली जाते, हे असते. चामडे कसे कमावले आहे, यावर कडेची पद्धत ठरते.

कातडी कमावण्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला वनस्पतिज. यात बाभळीची साल, हिरडा अशा पदार्थांतील टॅनिन कातडीत मुरविले जाते. या कामाला अनेक दिवस, प्रसंगी आठवडे लागतात. असे चामडे घट्ट असते, ओले करून दाबले की दिलेला आकार धरून ठेवते. दुसरा प्रकार क्रोमचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या या पद्धतीत क्रोमियमचे क्षार वापरतात. काम झटपट होते आणि चामडे मऊ, लवचीक व पाण्याला दाद न देणारे बनते. आज जगातील बहुतांश चामडे क्रोमवरच कमावले जाते. बाजारातील पर्स, जाकिटे व बुटांचे वरचे भाग बहुधा याच चामड्याचे असतात.

वनस्पतिज चामड्याची कड पाण्याने भिजवून घासली की तंतू एकमेकांना चिकटून दबतात आणि तसेच राहतात. क्रोमचे तंतू दाबले तरी पुन्हा उसळून वर येतात. म्हणून पहिल्या प्रकाराची कड घोटावी आणि दुसऱ्याची रंगवावी किंवा दुमडावी, हा साधा नियम आहे. क्रोमच्या चामड्याची कड तासभर घासत बसणारा नवशिका स्वतःच्या हाताला दोष देतो; वस्तुतः ते चामडे घोटले जाणारच नसते.

ओळख पटविण्यासाठी चामड्याचा एक तुकडा कापून त्याचा छेद पाहावा. क्रोमच्या चामड्यात रंग आतपर्यंत पोचला नसेल, तर मधोमध निळसर करडी रेघ दिसते. वनस्पतिज चामड्याचा छेद साधारणतः तपकिरी किंवा फिकट बदामी असतो. छेद रंगीत असल्यामुळे शंका राहिलीच, तर कड किंचित ओली करून नखाने दाबावी. ठसा तसाच राहिला तर चामडे घोटण्याजोगे आहे असे समजावे.

कोल्हापुरीचा धडा

महाराष्ट्राला वनस्पतिज चामडे नवे नाही. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा यांतच कमावले जाते. चपलेच्या तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा वापरत नाहीत. तळाची कड उघडीच राहते आणि ती रापीने तासून एका रेषेत आणावी लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे येतात. नकली कोल्हापुरी ओळखताना आजही तळाच्या कडेकडे पाहणे सोयीचे ठरते. पुठ्ठा, रबर किंवा रेक्झिनचा थर तिथे लपत नाही.

घोटलेली कड

वनस्पतिज चामड्याची कड घोटण्याची पद्धत सोपी आहे. मात्र तिचा क्रम चुकवून चालत नाही.

कापणी : कडेचे निम्मे काम रापीच्या धारेवर अवलंबून असते. पाते कामटावर अगदी उभे धरून, एका ओढीत कापावे. पाते तिरके झाले तर कडही तिरकी होते आणि पुढे कितीही घासले तरी सरळ येत नाही.

जोडणी : दोन-तीन थर जोडायचे असल्यास ते आकाराहून किंचित मोठे कापावेत, चिकटवावेत आणि मग सर्व थर एकदम कापून एका पातळीत आणावेत. चिकटद्रव्य कडेबाहेर आले असेल तर ते लगेच काढून टाकावे. जिथे ते राहते तिथे रंग मुरत नाही आणि फिकट डाग दिसतो. शिवण घालून झाल्यावरच पुढचे काम हाती घ्यावे. कारण टाके ओढताना कड पुन्हा थोडी हलते.

घासणे : प्रथम २२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून थरांतील उंचसखलपणा काढावा. मग ४०० व ६०० नंबरचा कागद वापरावा. कागद बोटांत धरून घासल्यास कडेला खड्डे पडतात.

कोर मोडणे : एज बेव्हलर नावाच्या छोट्या हत्याराने वरची व खालची टोकदार कोर बारीक पट्टीसारखी काढली जाते. हे न करता घासले तर चामडे दोन्ही बाजूंना छत्रीसारखे पसरते. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ चामड्यावर मात्र बेव्हलर जपून चालवावा. तिथे पॉलिश पेपरनेच कोर मोडली तरी पुरते.

रंग : कडेला गडद छटा हवी असेल तर चामड्याचा पातळ रंग याच टप्प्यावर द्यावा. मेण लावल्यावर रंग मुरत नाही.

घोटणे : कड ओलसर करून तिच्यावर डिंकाचे पातळ पाणी लावावे. यासाठी ट्रॅगाकँथ डिंक पूर्वापार वापरात आहे. हल्ली सीएमसी या नावाने मिळणारी भुकटीही पाण्यात भिजवून वापरतात. ओल आत मुरून कड नुसती दमट राहिली, की खाच असलेल्या गुळगुळीत लाकडी दांड्याने किंवा जाड कॅनव्हासच्या तुकड्याने ती भराभर घासावी. घर्षणाने कड गरम होते, तंतू दबतात, डिंक त्यांना बांधून ठेवतो आणि चकाकी येते. जोरापेक्षा वेग महत्त्वाचा. फार दाबल्यास कड वाकते. विजेच्या मोटारीवर फार वेळ धरल्यास ती करपून काळी पडते.

मेण : शेवटी मधमाश्यांचे मेण कडेवर घासून, ते घर्षणाने किंवा कोमट केलेल्या लोखंडी हत्याराने वितळवावे आणि सुती कापडाने पुसावे. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे हत्यार तापवून लाल करण्याची गरज नसते. हत्यार कडेला लावताच धूर निघाला तर ते जास्त तापले आहे.

समाधान झाले नाही तर ६०० नंबरच्या कागदापासून पुन्हा सुरुवात करावी. दुसऱ्या फेरीत कड पहिल्यापेक्षा निश्चितच नितळ होते. उत्तम कारागीर तीन-चार फेऱ्या करतात. १८३७ मध्ये घोड्यांचे सामान बनविणारी कार्यशाळा म्हणून सुरू झालेल्या पॅरिसच्या हर्मेसच्या बॅगांची ख्याती ज्या गोष्टींवर आहे, त्यांत घासणे, रंगविणे व मेण देणे या आवर्तनांतून सिद्ध झालेली कड ही एक मानली जाते.

रंगविलेली आणि दुमडलेली कड

क्रोमच्या चामड्यासाठी कडेचा दाट रंग मिळतो. तो चामड्यात मुरत नाही, वर थर धरतो. एकच जाड हात देऊन काम उरकण्याचा मोह होतो आणि तिथेच काम फसते. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि वस्तू वाकली की तडकतो. त्याऐवजी पहिला पातळ हात द्यावा, पूर्ण सुकू द्यावा, ४०० नंबरच्या कागदाने घासावा आणि मग दुसरा हात द्यावा. पहिल्या हाताने कडेतील खळगे भरतात व उठलेले तंतू ताठ होतात, म्हणून नंतरचे घासणे टाळू नये. तीन ते पाच पातळ हातांत कड गोलसर व एकसंध दिसू लागते. अखेरच्या हातानंतर मात्र कागद लावू नये.

फार मऊ व पातळ चामडे असल्यास कड दुमडणे हा मार्ग उरतो. यात कडेलगतची पट्टी मांसाकडच्या बाजूने तासून पातळ करतात, चिकटद्रव्य लावून आत वळवितात व वरून शिवतात. कोपऱ्यावर बारीक चुण्या घालून चामडे बसवावे लागते. कोपरा जाडजूड राहिला तर तासणी कमी पडली असे समजावे.

हवा, धूळ आणि आरोग्य

आपल्याकडील पावसाळ्यात रंग व डिंक सुकण्यास नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. स्पर्शाला कोरडी लागणारी कड आतून ओली असू शकते. म्हणून या दिवसांत दोन हातांमधील अंतर वाढवावे आणि वस्तू लगेच पिशवीत बंद करू नये. अन्यथा बुरशी धरते.

घासताना उडणारी बारीक धूळ ही गंभीर बाब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चामड्याच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला आहे. त्यामुळे नाकातोंडावर चांगला मास्क लावणे, ओल्या फडक्याने धूळ पुसणे आणि चिकटद्रव्य वापरताना खिडक्या उघड्या ठेवणे आवश्यक आहे. एका खोलीत राहणे व काम करणे ज्यांना चुकत नाही, त्यांनी निदान घासण्याचे काम दाराबाहेर करावे.

ग्राहकाने काय पाहावे

घोटलेल्या कडेवर बोट फिरविल्यास ती काचेसारखी नितळ लागते, तरीही चामड्याचे थर दिसत राहतात. रंगविलेल्या कडेत थर झाकले जातात. तो दोष नव्हे, परंतु आत काय आहे हे विक्रेत्याला विचारावे. वस्तू हलकेच वाकवून रंगाला तडा जातो का ते पाहावे. कडेला कापडाची जाळी दिसली तर ते रेक्झिन आहे असे समजण्यास हरकत नाही. वापरातली घोटलेली कड वर्षभराने विस्कटली तर ती फेकून देण्याचे कारण नाही. थोडे पाणी, कॅनव्हासचा तुकडा व मेण यांनी ती घरीही पूर्ववत करता येते.

कड पाहून किंमत करणारा ग्राहक मिळाला, तर कारागिरालाही तिच्यासाठी वेळ देणे परवडते. पाकिटाची घडी बंद केली की ही सारी मेहनत एका बारीक रेषेत मावते. हाताच्या कामाचे मोल मागायचे असेल, तर ती रेषा निर्दोष असली पाहिजे.