एडिनबराची ट्राम : लीथची प्रतीक्षा आणि पुढील विस्तार

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा येथे आज एकच ट्राममार्ग आहे. पश्चिमेकडील विमानतळापासून निघून प्रिन्सेस स्ट्रीट या प्रमुख रस्त्याने तो लीथ या जुन्या बंदरभागात आणि तेथून न्यूहेवनपर्यंत जातो. मार्गाची लांबी सुमारे १८.५ किलोमीटर असून त्यावर २३ थांबे आहेत.

ट्रामच्या बाबतीत लीथच्या वाट्याला गैरसोय पूर्वीही आली होती. १९२० पर्यंत लीथ स्वतंत्र नगर होते. तेथील ट्राम १९०५ पासून विजेवर धावत होत्या, तर एडिनबराच्या गाड्या जमिनीखालील तारदोरांनी ओढल्या जात. त्यामुळे पिलरिग येथे प्रत्येक प्रवाशाला उतरून गाडी बदलावी लागे. ही अडचण १९२२ मध्ये दूर झाली. पुढे १६ नोव्हेंबर १९५६ रोजी शहरातील ट्रामसेवाच बंद करण्यात आली.

नव्या ट्रामच्या मूळ योजनेत विमानतळ ते न्यूहेवन हा संपूर्ण मार्ग अंतर्भूत होता आणि त्यासाठी ५४ कोटी ५० लाख पौंड इतक्या निधीची मर्यादा ठरली होती. मात्र कंत्राटदारांशी उद्भवलेल्या वादामुळे काम रखडले, खर्च वाढत गेला आणि २०११ मध्ये मार्ग शहराच्या मध्यभागी यॉर्क प्लेस येथेच थांबविण्याचा निर्णय घेण्यात आला. जलवाहिन्या व केबल हलविण्यासाठी लीथ वॉक हा रस्ता तोवर खोदून झाला होता. रहिवासी आणि दुकानदारांनी त्रास सोसला, ट्राम मात्र आली नाही. ३१ मे २०१४ रोजी सेवा सुरू झाली, तेव्हा या अपुऱ्या मार्गाचा खर्च ७७ कोटी ६० लाख पौंडांवर गेला होता.

न्यूहेवनपर्यंतचा ४.७ किलोमीटरचा टप्पा अखेर ७ जून २०२३ रोजी, सुमारे २० कोटी ७० लाख पौंड खर्चून, खुला झाला. या कामापूर्वीच्या उत्खननात साउथ लीथ पॅरिश चर्चजवळ १३०० ते १६५० या काळातील ३६० हून अधिक व्यक्तींचे अवशेष आढळले. पहिल्या टप्प्यातील दिरंगाईची लॉर्ड हार्डी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी २०१४ मध्येच जाहीर झाली होती. तिचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे विस्तारित मार्गावर गाड्या धावू लागल्यानंतर, प्रसिद्ध झाला. दिरंगाईच्या चौकशीलाच नऊ वर्षे लागावीत, हा योगायोग शहरवासीयांच्या नजरेतून सुटला नसेल.

उत्तरेकडील ग्रँटनपासून आग्नेयेकडील रॉयल इन्फर्मरी रुग्णालय आणि बायोक्वार्टरपर्यंत नवा मार्ग उभारण्याच्या प्रस्तावावर नगरपरिषदेने २०२५ मध्ये नागरिकांची मते मागविली. खरा वाद ग्रँटनच्या बाजूला आहे. रोझबर्न येथील बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून ट्राम नेल्यास ती वाहतुकीच्या कोंडीतून सुटेल. परंतु आज तेथे पादचारी व सायकलस्वारांची वाट असून दुतर्फा झाडी आणि वन्यजीवांचा अधिवास आहे. दुसरा पर्याय ऑर्चर्ड ब्रे रस्त्याचा आहे. तेथे ट्रामला अन्य वाहनांसमवेत, टॉमस टेलफर्ड यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या डीन पुलावरून जावे लागेल. ग्रँटनची शाखा मूळ आराखड्यातही होती. आर्थिक मंदीचे कारण देऊन एप्रिल २००९ मध्ये ती वगळण्यात आली होती.