नाव गाण्यातच होतं

१९४४ साली मुंबईत एक नवा बँड उभा राहिला. तेव्हा त्याला बँड म्हणत नसत, कलापथक म्हणत. नाव होतं 'लाल बावटा कलापथक'. मुख्य माणसं तीन : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अण्णाभाऊ २४ वर्षांचे, अमर शेख २७ वर्षांचे. हाताशी डफ, ढोलकी, तुणतुणं, झांज. स्टेज म्हणजे चाळीमधलं मैदान नाहीतर गिरणीच्या गेटासमोरची मोकळी जागा. ऐकायला कोण? तर पाळी संपवून आलेले, अंगावर कापसाची धूळ असलेले गिरणी कामगार.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८. म्हणजे अमर शेखांच्या तेव्हाच्या वयाच्या आसपास. माझ्या ओळखीत दोन-तीन जण बँडमध्ये आहेत. त्यांच्या गप्पांमध्ये साउंड चेक, रील, फॉलोअर्स, स्ट्रीमिंग हे शब्द सतत येतात. लाल बावटावाल्यांकडे यातलं काहीच नव्हतं. तरी दहा-बारा वर्षांत त्यांची गाणी अख्ख्या मराठी मुलखाला पाठ झाली. हे जमलं कसं, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जरा टोचणारा आहे : गाणी पाठ राहिली, मग माणसांची नावं का गळली?

वाटेगाव ते लेबर कॅम्प

अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेत गेले ते दीड दिवस. लहान वयात घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. कोळसा वेचणं, हमाली, गिरणी, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. तमाशा मात्र घरातलाच होता. नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात ते वावरले होते. पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली आणि लिहिणं सुरू झालं. त्यांच्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक चक्क लेबर कॅम्पातल्या डासांवर होती. आपल्या वस्तीत रोज जे चावतं, त्याच्यावरच पहिलं गाणं!

अमर शेख सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, गाणं तिथून आलं. बसवर क्लीनर झाले, बार्शीच्या गिरणीत कामाला लागले, संपात पुढे राहिले आणि विसापूरच्या तुरुंगात गेले. तिथे कम्युनिस्ट विचारांशी ओळख झाली. पुढे कोल्हापूरला सिनेमाच्या स्टुडिओत काम केलं आणि तिथेच 'अमर शेख' हे नाव मिळालं. आवाज पहाडी. त्या काळातल्या आठवणी लिहिणारी माणसं दुसरं काही विसरतील, पण या आवाजाबद्दल लिहायचं विसरत नाहीत.

वाटेगावचा मातंग लेखक आणि बार्शीचा मुसलमान गायक. हे दोघं गवाणकरांसोबत एका डफाच्या तालावर उभे राहिले, याचा त्या काळात कुणी वेगळा गाजावाजा केला नाही. आज ते वाचताना आपण क्षणभर थांबतो, यात आजच्या दिवसांबद्दलही काहीतरी आहे.

जुना फॉर्म, नवा मजकूर

त्यांनी निवडलेला फॉर्म तेव्हाच जवळजवळ तीनशे वर्षांचा होता. उपलब्ध पोवाड्यांमधला सगळ्यात जुना पोवाडा अज्ञानदासाचा, अफझलखान वधावरचा. घटना १६५९ ची. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि राजाला रयतेच्या बाजूने मांडलं. नंतर सत्यशोधकांचे जलसे आले, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. म्हणजे लाल बावटावाले कोऱ्या पाटीवर लिहीत नव्हते. ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नाही त्याच्यापर्यंत बातमी आणि विचार पोचवायचा रस्ता आधीच्या पिढ्यांनी तयार करून ठेवला होता.

पोवाड्याची रचना इंजिनिअरच्या नजरेने बघितली तर फार हुशारीची आहे. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात आणि 'जी जी'ची झील धरतात. शाहिराला दम घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला तेवढा वेळ मिळतो. ओळ पुन्हा म्हटली गेली की मागच्या रांगेत ज्याला पहिल्यांदा ऐकू आली नाही त्यालाही ती कळते. निरोप रस्त्यात हरवू नये म्हणून आम्ही तो दोनदा पाठवतो, तसंच हे. मैदानावर लाऊडस्पीकर असला तर उत्तम, नसला तरी कार्यक्रम अडत नसे.

मजकूर मात्र ताजा. अण्णाभाऊंचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' १९४३ चा, म्हणजे ती लढाई संपली त्याच वर्षीचा. ज्या माणसाने तोवर परदेश पाहिला नव्हता, त्याने व्होल्गाकाठची लढाई मराठी कामगारापुढे शिवकाळातल्या लढाईसारखी उभी केली. बंगालच्या दुष्काळावर 'बंगालची हाक' आलं. मग काळा बाजार, अमळनेरचे हुतात्मे, पंजाब-दिल्लीचा दंगा. आज जे फीडवर येतं, ते तेव्हा डफावर यायचं.

तमाशातही त्यांनी हात घातला. पारंपरिक तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो. अण्णाभाऊंनी गण ठेवला, पण त्यात गणपतीच्या जागी मायभूमी, शिवराय आणि हुतात्मे यांना वंदन आलं. कृष्ण, पेंद्या, मावशी यांची गवळण गेली. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी आले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही नुसती नावं वाचली तरी कुणाची टोपी उडणार आहे ते कळतं.

टोपी उडाली की टोपीवाले गप्प बसत नाहीत. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही गदा आली. यावर अण्णाभाऊंचं उत्तर असं की, तमाशा नको ना? मग हे 'लोकनाट्य'. रंगमंचावर हा शब्द रुळवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पाटी बदलली, खेळ चालू राहिला. आज 'लोकनाट्य' हा शब्द सरकारी महोत्सवाच्या पत्रिकेवर छापतात, तेव्हा मला गंमत वाटते.

मैना

या सगळ्यात एकच गाणं निवडायचं झालं तर 'माझी मैना गावावर राहिली'. ही छक्कड आहे. गाणारा आहे पोटासाठी मुंबईला आलेला गडी. बायको गावाला राहिली, त्याचा जीव काहिली होतोय. सुरुवातीला तिच्या रूपाचं, दागिन्यांचं, निरोपाच्या वेळचं वर्णन येतं. मग मुंबई येते, तिची श्रीमंती आणि तिच्यातली गरिबी शेजारी शेजारी उभी राहते. आणि पुढे ध्यानात येतं की ही ताटातूट एका जोडप्याची राहिलेली नाही. मराठी बोलणारा जो मुलूख राज्याबाहेर राहतोय, तीही मैनाच आहे.

हे गाणं कोणत्या हवेत गाजलं ते लक्षात घ्यायला हवं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्च्यावर गोळीबार झाला, १५ माणसं गेली. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं मारली गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्या सभांमध्ये अत्रे, डांगे यांची भाषणं व्हायची आणि शाहिरांची गाणी व्हायची. भाषण सभा संपली की संपतं, गाणं मात्र माणूस घरी घेऊन जातो. ज्याची बायको खरोखरच कोकणात किंवा घाटावर होती, त्याला भाषावार प्रांतरचना हा जड विषय समजावून सांगावा लागला नाही. विरह म्हणजे काय ते त्याला पाठ होतं.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले, डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. म्हणजे राज्य मिळालं तरी गाण्यातली मैना काही पूर्ण घरी आली नाही. बेळगावात हे गाणं आजही जुनं होत नाही ते यामुळेच.

'पारंपरिक'

आता तो टोचणारा प्रश्न. मध्यंतरी एका म्युझिक ॲपवर या गाण्याचं एक नवं व्हर्जन सापडलं. चांगलं केलंय, बेस गिटारसुद्धा छान बसलंय. खाली क्रेडिट्समध्ये गीतकाराच्या जागी लिहिलेलं : 'पारंपरिक'.

'पारंपरिक' म्हणजे काय? कुणी लिहिलं ते माहीत नाही, सगळ्यांचं आहे, म्हणून मानधन कुणालाच नाही. डेटाबेसमधली एक फील्ड रिकामी राहिली की तिथे ठेवून दिलेली डीफॉल्ट व्हॅल्यू. माझ्या कामात मी अशा व्हॅल्यू रोज बघतो. त्या टाकणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला फक्त शोधायचा कंटाळा असतो. पण कंटाळ्याचा फटका नेहमी त्याच माणसाला बसतो, ज्याचं नाव आधीच कमी ठिकाणी छापलेलं असतं.

आणि इथे तर शोधायचीही गरज नव्हती. आपल्या शाहिरांची जुनी रीत आहे : रचनेच्या शेवटी स्वतःचं नाव गुंफायचं. संतांनी अभंगात तेच केलं. कागद हरवेल, पान फाटेल, पण नाव ओळीच्या छंदातच बसवलं तर ते काढताना गाणंच मोडेल. 'माझी मैना'च्या अखेरच्या भागात अण्णाभाऊ साठे हे नाव आहे, चक्क आडनावासकट. त्या नव्या व्हर्जनमध्ये ते कडवं गाळलंय. साडेतीन मिनिटांत बसत नव्हतं बहुतेक.

अमर शेखांच्या बाबतीत गळती वेगळ्या प्रकारची आहे. लिहिणाऱ्याचं निदान पुस्तक राहतं. अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ ला आली, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आजही ती वाचली जाते. अमर शेखांचेही 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह आहेत, १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांना पाहता येतं. पण त्यांचं खरं काम मैदानावरचं होतं. हजारोंच्या गर्दीपुढे लागलेला तो सूर बहुतांशी रेकॉर्डच झाला नाही. ज्यांनी ऐकला ती पिढी आता जवळजवळ संपली.

१९६९

राज्य झालं तोवर तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे वळले, अमर शेखांनी स्वतःचं पथक घेऊन गाणं चालू ठेवलं. मग १९६९ चा पावसाळा आला. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, वय ४८. शेवटची वर्षं हलाखीत काढलेली. २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले, वय ५२. त्यांची मुलगी मलिका तेव्हा १२ वर्षांची होती. ती पुढे कवयित्री झाली, आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात तिने वडिलांचं घर लिहून ठेवलंय.

मान नंतर मिळाला. २००२ मध्ये अण्णाभाऊंचं टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे. हे सगळं हवंच. पण शाहिराचं नाव रोजच्या रोज जिवंत ठेवायचं काम पुतळा करत नाही, ते गाणं म्हणणारा करतो. तुमच्या ओळखीत एखादा नवा बँड असेल आणि तो जुनं गाणं घेणार असेल, तर त्याला एवढंच सांगा : शेवटचं कडवं गाळू नको. वेळ कमी असेल तर मधलं एखादं कमी कर.

त्या ॲपला मी दुरुस्तीची विनंती पाठवली आहे, पुराव्यादाखल शेवटचं कडवं जोडून. दोन महिने झाले, तिथे अजून 'पारंपरिक'च आहे. तिसऱ्या महिन्यात पुन्हा पाठवणार आहे.