फुकटातली हेलिकॉप्टरं

बुलेट ट्रेनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, 0.1 टक्के व्याज, 50 वर्षांची मुदत, पहिली 15 वर्षं परतफेड नाही. जवळजवळ फुकटच की!" आकडे बरोबर आहेत. पण परदेशी पैशाबद्दल बोलताना आपण फक्त व्याजदर बघतो. त्या पैशातून होणारी खरेदी कुणाकडून करायची, टेंडर कोण भरू शकतो आणि कोण नाही, हे कुणी विचारत नाही. खरा हिशेब तिथे असतो. म्हणून आज मुंबईच्या आकाशातली एक जुनी गोष्ट सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

1974 साली बॉम्बे हायला तेल सापडलं. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत, भर समुद्रात. तिथल्या फलाटांवर माणसं न्यायची-आणायची तर हेलिकॉप्टर हवं. सुरुवातीची वर्षं यासाठी परदेशी कंपन्यांची हेलिकॉप्टरं भाड्याने घ्यावी लागत. मग सरकारने ठरवलं, आपलीच कंपनी काढू. ऑक्टोबर 1985 मध्ये ती स्थापन झाली, तीच पुढे पवनहंस म्हणून ओळखली गेली. जुहूला तिचा मोठा तळ.

आता हेलिकॉप्टरं कुणाची घ्यायची? इथे ब्रिटन पुढे आलं. वेस्टलँड ही त्यांची हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी तेव्हा बुडायच्या बेतात होती. तिचं 'वेस्टलँड 30' हे मॉडेल जगात कुणी फारसं घेत नव्हतं. ब्रिटनने भारताला देऊ केलं साडेसहा कोटी पौंडांचं अनुदान. कर्ज नव्हे, अनुदान! अट एकच, त्यातून 21 वेस्टलँड घ्यायची. हेलिकॉप्टरं नकोत तर तो पैसाही नाही.

राजीव गांधी स्वतः वैमानिक. आपल्या बाजूला या यंत्राबद्दल शंका होत्या आणि सौदा बराच काळ रेंगाळला. थॅचरबाईंनी तो स्वतः लावून धरला. त्यांचीही गरज होती म्हणा. याच वेस्टलँड कंपनीला कुणी वाचवायचं, अमेरिकन कंपनीने की युरोपियन गटाने, या भांडणात जानेवारी 1986 मध्ये त्यांच्या मंत्रिमंडळातले दोन मंत्री गेले, मायकेल हेसेल्टाइन आणि लिऑन ब्रिटन. अशा कंपनीच्या हातात 21 हेलिकॉप्टरांची ऑर्डर म्हणजे काय, ते समजून घ्या. हे मॉडेल जगभरात मिळून बनलंच चाळीसच्या आसपास. म्हणजे एकूण उत्पादनाच्या निम्मा माल एकट्या भारताने घेतला!

अखेर आपण हो म्हणालो. त्याच सुमारास पवनहंससाठी फ्रान्सची 27 डॉफिन हेलिकॉप्टरंही घेतली. त्यामुळे तुलना आयती मिळते. खरेदीदार तोच, काम तेच, समुद्र तोच.

वेस्टलँड पहिल्यापासून कुरकुरत राहिली. 1988 मध्ये एक जम्मूत वैष्णोदेवीच्या बाजूला कोसळलं, 1989 मध्ये दुसरं नागालँडमध्ये. दोन्ही अपघातांत माणसं गेली. मग ताफाच जमिनीवर आला. जगात दुसरं मोठं गिऱ्हाईक नाही, कारखान्यात उत्पादन बंद, सुटे भाग कुठून आणणार? उरलेली 19 हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं धूळ खात उभी राहिली आणि शेवटी 9 लाख पौंडांना एका ब्रिटिश कंपनीला विकायला काढली. साडेसहा कोटींचा माल, नऊ लाख! डॉफिन मात्र पुढे अनेक वर्षं बॉम्बे हायच्या फेऱ्या मारत होती. त्यांचेही अपघात झाले, आणि तो व्यवहार अगदी सोवळा होता असा माझा दावा नाही. पण ती उडत राहिली.

काहीजण म्हणतील, अनुदानच होतं ना, आपलं काय गेलं? वैमानिकांचं प्रशिक्षण, हँगर, देखभाल, बसून राहिलेली माणसं, हा सगळा खर्च आपला होता. दोन अपघातांतले जीव आपले होते. आणि पाच वर्षं ज्या कामासाठी चांगलं यंत्र घेता आलं असतं, ती पाच वर्षंही आपलीच.

या प्रकाराला बांधील मदत म्हणतात. पैसा देणाऱ्याचा आणि माल विकणाराही त्याचाच. स्पर्धा नाही, त्यामुळे भाव काय लावायचा तेही विकणाऱ्याच्या हातात. आपल्याकडे कुणी ओरडलं तर "दात्याची अट" म्हणून फाइल बंद. टेंडरमधले गैरप्रकार शोधणारे ऑडिटर इथे करणार काय? गैरप्रकार म्हणण्यासारखं टेंडरच नसतं.

गंमत म्हणजे हा खेळ बंद पाडला तो मदत घेणाऱ्या देशांनी नव्हे, ब्रिटनमधल्याच लोकांनी. आणि तोही मलेशियातल्या एका धरणावरून. पेर्गाऊ नावाचा जलविद्युत प्रकल्प. 1988 मध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी मलेशियाशी शस्त्रविक्रीची बोलणी करताना मदतीचा आकडा त्याला जोडून टाकला. पुढच्या वर्षी थॅचर यांनी धरणाला पैसे देऊ असा शब्द दिला, तेव्हा ब्रिटिश कंत्राटदारांचा अंदाज होता 31.6 कोटी पौंड. दोनच आठवड्यांत तो 39.7 कोटी झाला! स्पर्धा नसली की असं होतं. मदत खात्याचे सर्वोच्च अधिकारी सर टिम लँकेस्टर यांनी 1991 मध्ये स्पष्ट नकार दिला: गॅसवर वीज याहून स्वस्त पडेल, हा पैशाचा गैरवापर आहे. त्यांना डावलायला मंत्र्यांना लेखी आदेश काढावा लागला. (आपल्याकडे किती सचिव असा लेखी आदेश मागतात, हा वेगळ्या पोस्टचा विषय.)

मग वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट ही छोटी संस्था कोर्टात गेली. नोव्हेंबर 1994 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला की पेर्गाऊला दिलेली मदत बेकायदेशीर आहे. 1980 च्या कायद्याने मदतीचा पैसा विकासासाठी देता येतो, आणि आर्थिकदृष्ट्या तोट्याचा प्रकल्प विकासात बसत नाही. त्यानंतर मदत आणि व्यापार यांची सांगड घालणारी त्यांची योजना 1997 मध्ये गुंडाळली गेली आणि एप्रिल 2001 पासून ब्रिटनने आपली मदत अटींतून सोडवली. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या गटानेही 2001 मध्ये तशी शिफारस केली, पण ती मुख्यतः सर्वांत गरीब देशांसाठी. भारत त्या यादीत बसत नाही. आपलं रक्षण आपल्यालाच करायचंय.

याच्या अगदी उलट टोकाला जागतिक बँकेची टेंडर-पद्धत. तिला शिव्या घालणारे इंजिनिअर मी भरपूर पाहिलेत. जाडजूड कागदपत्रं, पावलोपावली बँकेची 'हरकत नाही' चिठ्ठी, महिनोन्महिने उशीर. तक्रार खोटी नाही. पण त्या नियमांचा गाभा बघा. मोठ्या कामांना आंतरराष्ट्रीय जाहिरात, सदस्य देशांतल्या कंपन्यांना दार उघडं, अपेक्षांमध्ये ब्रँडचं नाव टाकायचं नाही, टाकलंच तर 'किंवा समतुल्य' लिहायचं, निविदा सगळ्यांसमोर उघडायच्या. 'किंवा समतुल्य' हे दोन शब्द जुहूच्या वेळी असते, तर!

आणि ते नियम दिसतात तितके ताठरही नाहीत. किल्लारीच्या भूकंपानंतर बँकेच्या पैशातून जी पुनर्बांधणी झाली, तिच्यात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती घरमालकांनी स्वतः करून घेतली. पैसे हप्त्याहप्त्याने त्यांच्या बँक खात्यात आणि देखरेख इंजिनिअरची. प्रत्येक घराचं टेंडर काढत बसले असते तर लातूर-धाराशिवकडची माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्येच असती.

आता आजच्याकडे येऊ. मालगाड्यांसाठीचे दोन स्वतंत्र रेल्वेमार्ग आपण बांधायला घेतले. मालक एकच, केंद्र सरकारची डीएफसीसीआयएल. पूर्वेच्या मार्गाच्या काही टप्प्यांना पैसा जागतिक बँकेचा. पश्चिमेचा मार्ग, जो आपल्या न्हावाशेवापर्यंत येतो, त्याला पैसा जपानच्या जायकाचा, 'स्टेप' नावाच्या खास अटींवर. व्याज अगदी कमी. अट अशी, की मुख्य कंत्राटदार जपानी किंवा जपानी भागीदारीतला हवा आणि कंत्राटाच्या किमतीतला किमान 30 टक्के वाटा जपानचा हवा.

2013 मध्ये दोन्हीकडची मोठी बांधकामं निघाली. पूर्वेला खुर्जा ते भाऊपूर टप्पा टाटांना मिळाला, सोबत स्पेनची आल्देसा. पश्चिमेला रेवाडी ते इक्बालगड टप्पा एल अँड टीला, सोबत जपानची सोजित्झ. दोन्हीकडे बांधणारी मोठी भारतीय कंपनी. फरक भागीदार कसा आला त्यात. आल्देसा खुल्या स्पर्धेतून आली. पश्चिमेला जपानी भागीदार असणं टेंडर निघायच्या आधीच, कर्जाच्या करारात ठरलेलं होतं.

जपानने काम वाईट केलं असं मी म्हणत नाही, आणि स्टेपची तुलना वेस्टलँडशी करणंही अन्यायाचं होईल. इथे निदान जपानी कंपन्यांमध्ये आपसात स्पर्धा असते आणि माल जगात चालणारा असतो. पण स्वस्त व्याजात जे वाचलं, त्यातलं किती कंत्राटाच्या भावात परत गेलं, हा हिशेब संसदेत आणि विधानसभेत मागायला हवा. विचारायला फार अक्कल लागत नाही. अशा कोणत्याही टेंडरमध्ये पात्र देशांचं एक कलम असतं. तिथे सगळे देश लिहिलेत की एकच, एवढं बघायचं.