इंग्रजी वाक्प्रचार : बोरघाटातून पाहिलेले

रूढीमुळे वेगळाच अर्थ लाभलेल्या शब्दसमूहाला वाक्प्रचार म्हणतात. त्यातले शब्द सुटे करून कोशात पाहिले, तर हाती काही लागत नाही; अर्थ असतो तो त्या शब्दांनी उभ्या केलेल्या चित्रात. ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे द्वेष करणे, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. तसेच ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे, हे इंग्रजाला घरातच कळते. परक्या भाषेतला वाक्प्रचार शिकणाऱ्याला मात्र आधी चित्र पाहावे लागते. इंग्रजी वाक्प्रचारांतली कितीतरी चित्रे मावळात आणि लोणावळ्यात प्रत्यक्ष पाहायला मिळतात.

याचे कारण रेल्वे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि खाली कोकणाशी त्याला जोडणारा बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे, काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे एक फूट. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधावे लागले. वाफेच्या इंजिनाने इंग्रजीला नव्या वाक्प्रचारांची रासच दिली. ते इंजिन सह्याद्री चढू लागले, तेव्हा त्या वाक्प्रचारांमागचा सगळा देखावाही मावळच्या दारात आला.

वाफ आणि रूळ : ‘लेट ऑफ स्टीम’ म्हणजे मनात साठलेला राग किंवा ताण मोकळा करणे. बाष्पकात दाब वाढला की झडपेतून जादा वाफ सोडावी लागे, नाहीतर बाष्पक फुटण्याचे भय. मराठीत याला ‘मनातली खदखद बाहेर काढणे’ हे जवळचे. ‘तोंडाची वाफ दवडणे’ मात्र इथे चालणार नाही. त्या वाफेत राग नाही, व्यर्थ बोलणे आहे. चित्र सारखे दिसले तरी अर्थ निराळा, अशा जोड्यांपाशी भाषांतरकार हटकून फसतो. ‘रन आउट ऑफ स्टीम’ म्हणजे दम संपणे, अवसान गळणे. ‘गो ऑफ द रेल्स’ हे बहकलेल्या, वाया चाललेल्या माणसाबद्दल बोलतात. मराठीनेही रूळ आपलेसे केले आहेत. आजारपणातून किंवा कर्जातून सावरलेल्या घराबद्दल ‘गाडी रुळावर आली’ असे म्हणताना कोणाला इंग्रजीची आठवण होत नाही.

चढ आणि उतार : कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. ब्रिटिश रेल्वेच्या भाषेत ‘बँक’ म्हणजे चढ, म्हणून चढावर मदत करणारे ते बँकर. ‘बँक ऑन समवन’ म्हणजे एखाद्यावर भिस्त ठेवणे, हा वाक्प्रचार मात्र पैशांच्या बँकेतून आला आहे. मागून जोर लावणाऱ्या इंजिनाशी त्याचा अर्थ सुरेख जुळत असला, तरी दोन्हींचे मूळ एक मानू नये.

‘गो डाउनहिल’ म्हणजे प्रकृती, धंदा किंवा दर्जा ढासळत जाणे. पण ‘इट्स ऑल डाउनहिल फ्रॉम हिअर’ हे वाक्य ‘आता पुढचे सगळे सोपे’ अशा अर्थानेही ऐकू येते, आणि नवखा गोंधळतो. सायकल चालवणाऱ्याला उतार सोपा वाटतो, पण घाटातल्या इंजिनचालकाला तो जोखमीचा. उतरताना गाड्या ठरावीक जागी थांबवून ब्रेकची खात्री करून घेतात. ब्रेक निकामी झालेली गाडी चढाच्या मार्गिकेत वळवून थोपवता यावी, म्हणून घाटात ‘कॅच सायडिंग’ बांधलेली आहेत. त्यामुळे या वाक्याचा अर्थ संदर्भ पाहूनच ठरवावा लागतो. बोलणारा कोणत्या उताराकडे पाहतो आहे, हे आधी समजायला हवे.

कंदील आणि बोगदा : ‘गिव्ह द ग्रीन लाइट’ म्हणजे परवानगी देणे. मराठीत त्याचा ‘हिरवा दिवा’ झाला नाही, ‘हिरवा कंदील’ झाला, कारण लोकांनी पाहिला होता तो गार्डाच्या हातातला कंदील. मात्र बोरघाटाचा मार्ग खुला झाला, त्या सुमारास हा अर्थ जुळलाच नसता. ब्रिटिश रेल्वेवर तेव्हा पांढरा दिवा मोकळ्या मार्गासाठी आणि हिरवा सावधगिरीसाठी वापरत. हिरव्याला ‘खुशाल जा’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्का झाला. ‘लाइट अ‍ॅट द एन्ड ऑफ द टनेल’ म्हणजे दीर्घ संकटानंतर दिसू लागलेली आशा. मराठीतला ‘आशेचा किरण’ हाच अर्थ देतो, पण त्यात अंधारातून केलेली वाटचाल नाही. खंडाळ्याच्या बोगद्यांतून रोज जा-ये करणाऱ्याला ते दुसरे चित्र अधिक ओळखीचे.

पाऊस : लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेव्हा पावसाचे वाक्प्रचार इथे पारखून घ्यावेत. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस. या आकाशातून पडणाऱ्या मांजरा-कुत्र्यांचे मूळ नक्की सांगता येत नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या संभाषणसंग्रहात मात्र हा वाक्प्रचार आढळतो. आजच्या इंग्रजी बोलण्यात तो शाळेतल्यापेक्षा बराच कमी ऐकू येतो. मराठीने पावसाला उखळातले मुसळ दिले, आणि भात कांडणाऱ्या मावळाला याहून नेमकी उपमा सापडली नसती.

‘व्हेन इट रेन्स, इट पोअर्स’ म्हणजे संकटे एकामागून एक येणे. मराठीत यासाठी ‘दुष्काळात तेरावा महिना’. आधीच धान्य नाही, त्यात अधिक मासाने वर्ष लांबवले. इंग्रजीत आपत्ती अति पावसाची, मराठीत न पडलेल्या पावसाची. ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’ म्हणजे अडीअडचणीसाठी गाठीला ठेवणे. हे ऐकून पावसाची वाट पाहणारा शेतकरी बुचकळ्यात पडेल, पण मावळातली गृहिणी नाही. मृगाआधी लाकूडफाटा, गोवऱ्या, वाळवण, गुरांची वैरण भरून ठेवायची ती ‘पावसाळ्याची बेगमी’. इथे दोन भाषांची चित्रे अगदी एकमेकांवर बसतात.

पर्यटनाच्या गावात उपयोगी पडेल असा आणखी एक वाक्प्रचार म्हणजे ‘टेक अ रेन चेक’. जुलैतल्या शनिवार-रविवारसाठी खोली राखून ठेवलेल्या पाहुण्याने असा निरोप धाडला, तर घरमालकाने पावसाचा अंदाज कळवायचा नसतो. पाहुणा नम्रपणे सांगतो आहे, की ‘या वेळी जमणार नाही, पुन्हा कधीतरी’. अमेरिकेत १८८० च्या दशकात पावसाने बेसबॉलचा सामना बुडाला, की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळे. ती चिठ्ठी म्हणजे ‘रेन चेक’.

समुद्र : लोणावळ्याला समुद्र नाही, पण नौदल आहे. नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षणाची ‘शिवाजी’ ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी इथे सुरू झाली. इंग्रजी ही दर्यावर्दी लोकांची भाषा असल्याने तिच्यात जहाजावरचे वाक्प्रचार पुष्कळ. ‘लर्न द रोप्स’ म्हणजे कामाच्या खाचाखोचा शिकणे. शिडाच्या जहाजावरचा प्रत्येक दोर कशासाठी, हे नव्या खलाशाला आधी शिकावे लागे. ‘ऑल हँड्स ऑन डेक’ म्हणजे सगळ्यांनी मिळून कामाला लागणे. ‘हँड’ इथे हात नव्हे, खलाशी. शेतावरच्या मराठीतही ‘हाताखाली चार माणसे’ असतात, तेव्हा ही कल्पना परकी वाटू नये.

मराठीत स्थिरावलेले : काही इंग्रजी वाक्प्रचार शब्दशः भाषांतर होऊन आले आणि टिकले. ‘हिमनगाचे टोक’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी हिमनग पाहिलेला नाही. ‘पांढरा हत्ती’ म्हणजे पोसणे न परवडणारी वस्तू. ‘लालफितीचा कारभार’ हा सरकारी कागद बांधण्याच्या फितीवरून आला, आणि ती फीत इथल्या कचेऱ्यांतही असल्याने लगेच पटला. ‘क्रोकोडाइल टियर्स’ साठी ‘नक्राश्रू’ हा संस्कृत वळणाचा शब्द घडवला गेला. ‘ब्लेसिंग इन डिसगाइज’ साठी मात्र मराठीत ‘इष्टापत्ती’ हा एका शब्दाचा देखणा पर्याय आहे. ‘सेल लाइक हॉट केक्स’ साठी ‘हातोहात खपणे’ म्हणावे. लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानासमोर सुट्टीच्या दिवशी दोन मिनिटे उभे राहिले, की त्याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो.

उलट दिशेने होणारी चूकही नेहमीची. ‘डोके खाऊ नकोस’ याचे ‘डोन्ट ईट माय हेड’ केले, तर परदेशी पाहुणा दचकतो. तसेच ‘कोल्ड फीट’ म्हणजे पाय गार पडणे नसून ऐन वेळी कच खाणे, आणि ‘पीस ऑफ केक’ म्हणजे हातचा मळ.

चित्राच्या जागी चित्र : चांगले भाषांतर कसे होते, याचा उत्तम नमुना घाटातल्या कामगारांनीच घालून दिला. घाटाच्या विद्युतीकरणाच्या वेळी, १९२८ च्या सुमारास, मालगाड्यांसाठी विजेवर चालणारी लांब नाकाडांची इंजिने आली. तशा घडणीच्या इंजिनांना युरोपात ‘क्रोकोडाइल’ म्हणत. इथल्या कामगारांनी त्याची ‘मगर’ केली नाही. त्या इंजिनाचा विचित्र कण्हल्यासारखा आवाज आणि चाकांना जोडलेल्या दांड्यांची हालचाल पाहून त्यांनी त्याला नाव दिले ‘खेकडा’. भातखाचरांच्या बांधावर खेकडे धरणाऱ्या मावळाला मगर दूरची होती, खेकडा रोजचा होता. वस्तू तीच, नाव आपल्या मातीतले.

कोश : जेम्स मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि सुधारित आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्याने आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह आल्फ्रेड मॅनवारिंग या मिशनऱ्याने १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’चे दोन भाग १९४२ आणि १९४७ मध्ये आले. इंग्रजी वाक्प्रचाराला मराठी जोड शोधणाऱ्याने आजही या कोशांपासून सुरुवात करावी.

‘खेकडा’सारखे शब्द मात्र आधी माणसांच्या तोंडी असतात, कोशात नंतर येतात. ती जुनी इंजिने पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे. लोणावळा, खंडाळा, कर्जत इथल्या निवृत्त रेल्वे कामगारांकडे बसून त्यांचे शब्द अर्थासह लिहून घेण्याचे काम परिसरातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हाती घ्यावे. त्याला एक वही आणि पावसाळ्यातल्या काही दुपारी पुरेशा आहेत.