फितीत राहिलेले कोकण

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिनही शिकवले जाई. या परंपरेतून आलेल्या गोवेकर वादकांनी पुढे मुंबईची हॉटेले आणि चित्रपटांचे वाद्यवृंद गाजवले. हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे.

गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा याच समाजातले. त्यांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला. जॅझ, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले, वाजवता वाजवता फुलवायचे संगीत, त्यांनी आपलेसे केले आणि साठीच्या दशकात ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांना जो हॅरियट भेटले. हॅरियट जमैकाचे, किंग्स्टनमध्ये सिस्टर्स ऑफ मर्सी या धर्मभगिनींनी चालवलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढलेले. दोघांच्या क्वार्टेटची, म्हणजे चौघांच्या वाद्यमेळाची, ‘हम दोनो’ ही तबकडी १९६९ साली निघाली. सॅक्सोफोन व गिटार या दोघांचे. डेव्ह ग्रीन व ब्रायन स्प्रिंग हे साथीदार. दोन दूरच्या किनाऱ्यांवरची माणसे एका सुरात बोलली. पुढे ही तबकडी दुर्मिळ झाली.

डिसिल्वांच्या ‘कोकण डान्स’चे नशीब याहून खडतर. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मुद्रित झालेले हे संगीत प्रकाशितच झाले नाही. १९९६ साली डिसिल्वा निवर्तले. तबकडी आली २००६ साली. तिच्या नावातले कोकण तीसएक वर्षे फितीत मुके राहिले.

तरीही फीत होती, म्हणून सूर परतले. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २९ नोव्हेंबर १९५७ रोजी थेलोनियस मंक यांच्या क्वार्टेटने जॉन कोल्ट्रेनसह केलेले वादन ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने मुद्रित केले होते. तेही असेच २००५ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडले.

वाचकहो, आपल्या कपाटांतही अशा फिती असतील: एखाद्या सणाची मिस्सा, लग्नातली गाणी, आजीच्या आवाजातली रोझरी. पावसाळी दमटपणाने फितीला बुरशी धरते, तिचा चुंबकीय थर सुटू लागतो. तेव्हा त्यांवर गाणाऱ्यांची नावे आणि साल लिहावे, जाणकाराकडून त्यांची नवी प्रत करून घ्यावी आणि मूळ फीत कोरड्या जागी जपावी. डिसिल्वांचे संगीत कोणाच्या तरी संग्रहात टिकले. आपल्या घरातल्या आवाजांना मात्र आपल्यावाचून राखणदार नाही.